दॉन लिबोरियो यांचा हयातीतला सत्कार

सोकावेर्दे गावात माणसाचा सत्कार व्हायचा असेल तर त्याने आधी मरावं लागतं. तसा लेखी नियम नाही, पण तो मोडल्याचं फारसं कुणाला आठवत नाही. चौकातल्या बाकाला, दवाखान्यामागच्या गल्लीला, बसथांब्याच्या छपराला कुणाचं ना कुणाचं नाव आहे, आणि त्यांतला एकही जण त्या बाकावर बसलेला नाही की त्या छपराखाली पाऊस चुकवायला थांबलेला नाही.

प्रोफे एदेल्मिरा त्या महिन्यात तीन अंत्यविधींना जाऊन आल्या होत्या. त्यांनी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गावाच्या तोंडी त्या प्रोफेच. तिन्ही विधींमध्ये भाषणं उत्तम झाली. मेलेल्याचे गुण पुराव्यासकट सांगितले गेले, लोक रडले, शेवटी कॉफी मिळाली. फक्त ज्याच्याविषयी बोलायचं तो सोडून सगळे ऐकायला हजर होते. प्रयोगाची मांडणी म्हणून पाहिलं तर ही चूकच होती, आणि चुकीची मांडणी दिसली की प्रोफेंच्या कपाळावर एक बारीक उभी आठी पडायची. तिसऱ्या अंत्यविधीहून घरी येताना ती पडली आणि मंगळवारपर्यंत गेली नाही. मंगळवारी त्यांनी ठरवलं की दॉन लिबोरियोंचा सत्कार करायचा, आणि तो ते जिवंत असताना करायचा.

दॉन लिबोरियो हे वरच्या वस्तीच्या पाणी समितीचे अध्यक्ष. वय त्र्याहत्तर. अठ्ठावीस वर्षं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी साडेतीनशे घरांपर्यंत आणायचं काम ते करत होते आणि त्यातलं एकही घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं, कारण विशीतच त्यांची दृष्टी गेली होती. नळ गळत असला की ते हातभर लांबीची लाकडी दांडी घेऊन यायचे, तिचं एक टोक नळावर आणि दुसरं कानाला लावायचे आणि म्हणायचे, "इथे नाही. त्या पेरूच्या झाडाकडे खणा." खणणाऱ्यांनी सुरुवातीला दोनतीनदा दुसरीकडे खणून पाहिलं होतं. आता खणत नसत.

एवढी सेवा कुणालाही सत्काराला पुरेशी वाटेल. पण प्रोफेंचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दॉन लिबोरियो प्रौढांच्या शनिवारच्या शाळेत येऊन बसले होते. इतिहास, व्याकरण, गणित ठीक चाललं. प्रयोगशाळेच्या दारात मात्र प्रोफेंनी त्यांना थांबवलं. "दॉन लिबोरियो, इथे आम्लं असतात, ज्योत असते. आणि सगळं रंगावर चालतं. तुम्ही नुसतं बसून ऐका." ते बसले. कुरकुर न करता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत राहिले. मग एका शनिवारी त्यांनी खिशातून रुमालात बांधलेला चिरलेला कांदा काढला आणि म्हणाले, "प्रोफे, नळ साफ करायचा कॉस्टिक सोडा आणि कांदा एकत्र आला की कांद्याचा वास मरतो. आम्लात मरत नाही. मग मला रंग कशाला लागतो?"

प्रोफेंनी करून पाहिलं. खरं होतं. पुढे त्यांना कळलं की ते पुस्तकातही होतं, त्यांच्याच कपाटातल्या पुस्तकात. त्या दिवसापासून दॉन लिबोरियो सगळे प्रयोग करू लागले आणि अडुसष्टाव्या वर्षी शाळा पूर्ण करून बाहेर पडले. त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. प्रोफेंनीही काढली नाही. "माझं चुकलं" हे दोन शब्द त्या आठ वर्षं जवळ बाळगून होत्या, पण त्यांना समोरासमोर हात घालणं जमत नव्हतं. व्यासपीठावर, भाषणाच्या मध्यावर, दोन चांगल्या वाक्यांच्या आडून ते सुटतील असा त्यांचा हिशेब होता. थोडक्यात, साडेतीनशे घरांचा सत्कार समारंभ हा एका दिलगिरीचा आडोसा होता.

शेजारच्या बाई, दोन्या रोसाउरा, यांना त्यांनी फक्त समारंभाचं सांगितलं. म्हणजे कुंपणापाशी एकट्या रोसाउराला सांगितलं आणि दुपारपर्यंत वस्तीला कळलं.

"जिवंत माणसाचा?" दोन्या रोसाउरा म्हणाल्या. "बाई, जपून हं. बँडमास्तरांना नगरपालिकेने जिवंतपणी पदक दिलं होतं. नवव्या दिवशी गेले."

"ते ब्याण्णव वर्षांचे होते, रोसाउरा."

"होते ना. पदकाआधी ब्याण्णव वर्षं काही झालं का त्यांना?"

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं प्रोफेंनी समजावलं. दोन्या रोसाउरांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवायला मक्याचे तामाल किती करायचे?"

नंतर जो आला तो सल्ला देऊन गेला. एक म्हणाला बँड हवा, एक म्हणाला पाद्रीबाबांना बोलवा, एकाने दॉन लिबोरियोंचा पुतळा सुचवला आणि दुसऱ्याने त्यात कारंजं घालून दुरुस्ती केली. प्रोफेंनी सगळं वहीत लिहून घेतलं, कारण न लिहिता ऐकणं त्यांना जमत नसे, आणि लिहून घेतल्यामुळे सगळ्यांना वाटलं की आपलंच ठरलं.

नगरपालिकेची गावाच्या वर्धापनदिनी द्यायची तीन पदकं होती: सेवेचं, आजन्म शिक्षणाचं आणि अपंगत्वासह नेतृत्वाचं. गेली चार वर्षं ती कुणाला दिलीच गेली नव्हती. प्रोफेंनी तिन्हींचे अर्ज व्यवस्थित भरले आणि तिथले अधिकारी डॉक्टर फाबियो यांच्या टेबलावर ठेवले. फाबियो डॉक्टर नव्हते. पण सोकावेर्देत ज्याच्या टेबलाला खोली आणि खोलीला दार आहे, त्याला डॉक्टरच म्हणतात.

"एका माणसाला एकच पदक, प्रोफे," डॉक्टर फाबियो म्हणाले.

"मग सेवेचं द्या."

"त्याला संस्थेच्या अध्यक्षाचं शिफारसपत्र लागतं."

"अध्यक्ष तेच आहेत."

"स्वतःची शिफारस स्वतःला करता येत नाही. आता अध्यक्षपद सोडलं त्यांनी, तर नवे अध्यक्ष करतील की."

"आणि शिक्षणाचं?"

"आजन्म म्हणजे अजून चालू पाहिजे. हे तर पाच वर्षांपूर्वीच पास झालेत." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की पास होणं हा जरा घाईचाच प्रकार झाला. "तिसरं घ्या ना. तिसरं सोपं आहे. नेतृत्व आहेच. अपंगत्वाचा दाखला तेवढा आणा."

दाखला नव्हता. दॉन लिबोरियोंनी तो कधी काढलाच नव्हता. "मला माहीत आहे की मला दिसत नाही," ते म्हणाले. "दाखला कुणाला दाखवायचा?" पण प्रोफेंनी विचारलं होतं, म्हणून ते तयार झाले. कशासाठी हवाय ते प्रोफेंनी सांगितलं नाही. सत्काराची बातमी अचानक द्यायची होती. "कागदपत्रं नीट असावीत," एवढंच त्या म्हणाल्या. या वाक्यावर त्या देशात कुणी पुढे प्रश्न विचारत नाही.

जिल्ह्याच्या गावी, बसने अडीच तासांवर, तीन तज्ज्ञांनी त्यांची तपासणी केली. प्रोफे सोबत होत्या. पहिल्या तज्ज्ञाने डोळे पाहिले आणि काही दिसत नाही असं लिहिलं. दुसऱ्या तज्ज्ञ बाईंनी छापील प्रश्न काढले.

"स्वयंपाक करताना अडचण येते का?"

"बायको असताना यायची. फार बोलायची."

"जिना चढताना?"

"जिना नाही घरी. डोंगर चढतो. झऱ्यापर्यंत दीड तास."

"कुणाबरोबर?"

"कुत्रं असतं. ते मागे राहतं."

"अनोळखी लोकांशी बोलताना, सभेत मत मांडताना?"

"सभेत इतरांना अडचण येते," दॉन लिबोरियो म्हणाले, आणि प्रोफेंना मान हलवून दुजोरा द्यावा लागला.

शेवटी तिसऱ्या तज्ज्ञाने कागद पुढे केला. "वाचून सही करा." मग दॉन लिबोरियो म्हणाले, "सही करतो. वाचायचं तुमच्यावर सोपवतो."

तीन आठवड्यांनी दाखला आला. त्यावर स्वच्छ अक्षरांत होतं: दृष्टी, नाही. अडचणी, नाहीत.

डॉक्टर फाबियोंनी तो उजेडात धरून पाहिला. "प्रोफे, पदक अडचणींवर मात करून नेतृत्व केल्याबद्दल असतं. यांना तर सरकारी कागदाप्रमाणे अडचणच नाही."

"कारण त्यांनी मात केली."

"पण कशावर? कागदावर काहीच नाही." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, म्हणून त्यांनी कॉफी मागवली. "बघू, वर विचारतो. तोवर हयातीचा दाखला तेवढा आणून ठेवा. तीस दिवसांच्या आतला."

माणूस जिवंत असल्याचा दाखला नोटरी देतात. त्यासाठी बोट एका छोट्या काचेवर ठेवावं लागतं. दॉन लिबोरियोंनी दहाही बोटं ठेवून पाहिली. अठ्ठावीस वर्षं नळांचे आटे फिरवून बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. यंत्राने दहा वेळा लाल दिवा लावला.

"जुळत नाही," नोटरी म्हणाले. ते रोज सकाळी दॉन लिबोरियोंनी सोडलेल्या पाण्याने दाढी करत.

"पण साहेब, ते तुमच्यासमोर उभे आहेत," प्रोफे म्हणाल्या.

"मला दिसतंय हो. यंत्राला दिसत नाही."

"मग आमचं जमेल," दॉन लिबोरियो म्हणाले. "यंत्राला दिसत नाही, मलाही दिसत नाही."

डॉक्टर फाबियोंनी हे ऐकलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक मार्ग आहे. मरणोत्तर सन्मानाला यातलं काहीच लागत नाही. एक पानी अर्ज. पुढच्याच बैठकीत मंजूर."

"डॉक्टर, ते जिवंत आहेत."

"मला काही घाई नाही," डॉक्टर फाबियो म्हणाले. "फाइल उघडी ठेवतो."

प्रोफे उठल्या. एकतीस वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता, आताही नाही चढवला. फक्त कॉफी अर्धी टाकली. त्या गावात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. नगरपालिकेचं पदक नको, त्यांनी ठरवलं. वस्तीच वस्तीच्या सभागृहात सत्कार करेल: शनिवार, दुपारी चार, एक संगमरवरी पाटी, दोन भाषणं, तामाल.

इथून पुढे सगळं सरळ व्हायला हवं होतं.

संगमरवरावर अक्षरं कोरणारा गावात एकच होता आणि त्याचं दुकान अर्थातच स्मशानाच्या फाटकासमोर होतं. प्रोफेंनी मजकूर लिहून दिला: "दॉन लिबोरियो कुर्तिदोर, पाण्याचे सेवक, आजन्म विद्यार्थी, आमचे नेते." त्याने जन्मवर्ष विचारलं. शास्त्राच्या माणसाला विचारलेल्या आकड्याचं उत्तर न देणं जमत नाही, म्हणून त्यांनी ते सांगितलं. शनिवारी सकाळी पाटी ताब्यात घेतली तेव्हा वर बारीकसा क्रूस होता आणि खाली जन्मवर्षापुढे एक आडवी रेघ आणि रिकामी जागा.

"ही रेघ कशाला?"

"रेघ असतेच, प्रोफे. रेघेशिवाय पाटी पूर्ण दिसत नाही. पुढचा आकडा त्या वेळी फुकट कोरून देईन. तुम्ही काळजी करू नका."

त्या काळजीच करत होत्या, तेवढ्यात त्यांना व्हायोलिन ऐकू आलं.

सोकावेर्देत बातम्या दॉन नेपोंच्या गाडीवरच्या कर्ण्यातून कळतात. दॉन नेपोंकडे तीन ध्वनिफिती होत्या. अव्होकाडो विकायला आले की कुंबियाचं नाचाचं संगीत, निवडणुकीला पलटणीचा बँड, आणि कुणी गेलं की संथ व्हायोलिन. प्रोफेंनी त्यांना घोषणेचा मजकूर दिला होता, संगीताचं सांगायचं राहिलं होतं. दॉन नेपो विचारी गृहस्थ. सत्काराला कुंबिया उथळ वाटेल आणि बँड लावला तर दॉन लिबोरियो निवडणुकीला उभे आहेत असं वाटेल, असा विचार करून त्यांनी व्हायोलिन लावलं. मजकूर जसाच्या तसा वाचला. फक्त आवाज त्या संगीताबरोबर आपोआप लागतो तो लागला.

"आपल्या सर्वांचे लाडके... दॉन लिबोरियो कुर्तिदोर... ज्यांनी अठ्ठावीस वर्षं आपल्याला पाणी पाजलं... यांच्या सन्मानार्थ... आज दुपारी चार वाजता... वस्तीच्या सभागृहात..."

प्रोफे पाटी कवटाळून गाडीमागे निघाल्या. "दॉन नेपो, थांबा," त्या म्हणत होत्या, पण कर्ण्याखाली बसलेल्या माणसाला कर्ण्याशिवाय काही ऐकू येत नाही. गाडी पायी चालण्याच्या वेगाने जात होती, कारण ती त्याच वेगाने जाते. काळा कोट घातलेली, केस सुटलेली, छातीशी क्रूस कोरलेली पाटी धरलेली बाई गाडीमागे हुंदके दिल्यासारखी चालतेय, हे लोकांनी खिडक्यांतून पाहिलं. माणसं टोप्या काढून रस्त्यावर आली. बायका डोक्यावर शाल घेऊन मागे चालू लागल्या. चौकापर्यंत प्रोफेंच्या मागे साठेक माणसं होती आणि कुणीतरी प्रार्थना सुरू केली होती.

चौकात गाडी पेट्रोलसाठी थांबली. प्रोफेंनी दॉन नेपोंना सगळं सांगितलं. ते मनापासून शरमले आणि लगेच दुसरी फेरी काढली. "आधीच्या घोषणेबाबत... दॉन लिबोरियो जिवंत आहेत..." फीत बदलायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. व्हायोलिनच्या सुरात हे वाक्य इतकं सुंदर वाटलं की दोन्या रोसाउरांना ओट्यावर बसून घ्यावं लागलं.

"ते जिवंत आहेत, रोसाउरा," प्रोफे म्हणाल्या.

दोन्या रोसाउरांनी त्यांचा हात हातात घेतला. "हो हो, प्रोफे. आपल्या हृदयात."

"हृदयात नाही. डोंगरात."

"तिथेही," दोन्या रोसाउरा डोळे पुसत म्हणाल्या. "त्यांचा आत्मा झऱ्यापाशीच राहणार."

दॉन लिबोरियो खरोखरच झऱ्यापाशी होते. पाण्याचा दाब उतरला म्हणून पहाटेच कुत्र्याला घेऊन वर गेले होते. तिथे फोन लागत नाही. "चार वाजता सभागृहात एक बैठक आहे, या," एवढंच प्रोफेंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि बैठकीला ते कधी चुकत नसत. आता सगळी भिस्त त्यावरच होती.

पावणेचारला प्रोफे सभागृहात शिरल्या तेव्हा खुर्च्या भिंतीकडेने लागल्या होत्या, मधोमध टेबलावर दॉन लिबोरियोंचा शाळेच्या प्रमाणपत्रावरून मोठा केलेला फोटो होता, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या आणि सात पुष्पचक्रं. एक नगरपालिकेचं होतं. दारात शोकवही ठेवली होती आणि सह्यांसाठी रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. पाद्रीबाबा आले होते. नोटरी काळ्या टायमध्ये आले होते. डॉक्टर फाबियो प्रोफेंपाशी येऊन हळूच म्हणाले, "खूप वाईट झालं. पण एक पानी अर्जच लागेल आता, मी मंगळवारी करून देतो."

प्रोफे तीन वेळा उभ्या राहिल्या आणि तीन वेळा कुणीतरी त्यांना खांदा दाबून खाली बसवलं. तिसऱ्या वेळी बडीशेपेच्या वासाच्या अनिस दारूचा घोट दिला. शास्त्राचा इतिहास पाहिला तर बरोबर असलेल्या माणसांना असंच बसवलं गेलं आहे, पण दारूसह बसवल्याची नोंद नाही.

मग भाषणं झाली. आणि ती चांगली झाली, हे प्रोफेंना कबूल करावं लागलं. पुतळा सुचवणाऱ्याने सांगितलं की त्याच्या घराला नळ मिळाला तेव्हा त्याची आई दहा मिनिटं नुसती तोटी उघडत आणि बंद करत होती. नोटरींनी सांगितलं की दुष्काळाच्या वर्षी दॉन लिबोरियोंनी पाण्याच्या पाळ्या लावल्या आणि पहिली कपात स्वतःच्या घरी केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. साडेचार वाजले. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "प्रोफे, दोन शब्द."

त्यांच्या खिशात भाषणाचा कागद होता. त्यातली दोन चांगली वाक्यं त्यांना पाठ होती. पण ज्याच्यासाठी लिहिली तो समोर नव्हता. काळ्या टोप्या आणि शाली यांचा समुद्र होता आणि त्यांच्यापैकी कुणाशीही त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी कागद काढलाच नाही.

"मी यांना प्रयोगशाळेत येऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "वर्षभर कोपऱ्यात बसवलं. मला वाटलं, ज्याला रंग दिसत नाही त्याला रसायनशास्त्र काय कळणार. कांद्याने त्यांनी मला शिकवलं. माझं चुकलं होतं, हे मला त्याच दिवशी सांगता आलं असतं. आठ वर्षं मी जागा शोधत होते. हा समारंभ मी त्यासाठी ठरवला. आणि आता तुम्ही सगळे ऐकताय आणि ज्यांनी ऐकायचं ते नाहीत. म्हणजे पुन्हा तीच चूक."

मग मागून, कॉफीच्या भांड्यापाशी, कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"वर्षभर नाही, प्रोफे," दॉन लिबोरियो म्हणाले. "चौदा शनिवार. मी मोजले होते."

गुडघ्यापर्यंत चिखलाचे रबरी बूट, खांद्यावर लोकरीचा रुआना, बगलेत लाकडी दांडी. ते चार वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दाराने आत आले होते. मेणाचा वास आला, प्रार्थना ऐकू आली, तेव्हा कुणीतरी गेलंय हे त्यांना कळलं. शेजारी उभ्या असलेल्या पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्याला त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?" तो म्हणाला, "कुणी लिबोरियो म्हणून होता. पाणी सोडायचा. चांगला होता म्हणतात. कॉफी घ्या, कॉफी बरी आहे." दॉन लिबोरियोंनी कॉफी घेतली. भाषण चालू असताना मधे बोलणं त्यांना आवडत नसे. शिवाय, ते नंतर म्हणाले, सभेत आपल्याबद्दल इतकं चांगलं पूर्वी कुणी बोललं नव्हतं. मग घाई कशाला करायची?

दोन्या रोसाउरांनी क्रूसाची खूण केली. पाद्रीबाबा खाली बसले. पलीकडच्या गावचा म्हातारा आपला कप तपासून पाहू लागला.

"किती माणसं आहेत?" दॉन लिबोरियोंनी विचारलं.

कुणीतरी शोकवही पाहिली. दोनशे चौदा सह्या.

"समितीच्या सर्वसाधारण सभेला एकशे शहात्तर लागतात," ते म्हणाले. "तीन वर्षं कधी चाळीसच्या वर आली नाहीत. आता सगळे जमलाच आहात, तर सभा सुरू झाली असं मी जाहीर करतो. दारं लावा. तामाल नंतर."

कुणाला उठायचं धाडस झालं नाही. ज्याच्यासाठी आताच रडलो त्याच्या तोंडावर सभा सोडून कसं जाणार? वरचा जुना नळ बदलायचा ठराव, जो तीन वर्षं लोंबकळत होता, काळ्या कपड्यांतल्या लोकांनी बारा मिनिटांत एकमताने मंजूर केला. नोटरींनी इतिवृत्तावर शिक्का मारला, आणि शिक्क्याखाली "अध्यक्ष स्वतः उपस्थित होते" असं लिहावं लागल्यामुळे तोच हयातीचा दाखला झाला. डॉक्टर फाबियोंनी तो पाहून मान डोलावली आणि तीस दिवस आजपासून मोजायचे का, असं विचारलं.

मग पाटी. प्रोफेंनी ती लपवायचा प्रयत्न केला, पण दोन्या रोसाउरांनी आणून टेबलावर ठेवली होती. दॉन लिबोरियोंनी हात पुसले आणि बोटं अक्षरांवरून फिरवली. यंत्राला ज्या बोटांवर काही सापडलं नव्हतं, त्या बोटांनी सगळी पाटी वाचली. नाव, पाणी, विद्यार्थी, नेते, जन्मवर्ष. रेघेपाशी बोट थांबलं, पुढच्या गुळगुळीत जागेवरून एकदा गेलं आणि मागे आलं.

"इथे काही नाही."

"नाही," प्रोफे म्हणाल्या. "ते बदलून घेऊ."

"कशाला? बरोबर आहे. काम चालू आहे." आणि ते सभेकडे वळले. "शेवटचा विषय. आज मला कळलं की मी गेल्यावर भाषणं चांगली होतील. गळती कोण शोधेल ते कळलं नाही. या दांडीने ऐकायला शिकेल असं एक माणूस हवंय. वेळ लागतो. कंटाळा येतो. कुणी हात वर केला असेल तर तोंडाने सांगा, मला दिसत नाही."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. पुतळा सुचवणारा छताकडे पाहू लागला.

"मी," प्रोफे म्हणाल्या. "एदेल्मिरा."

"वय?"

"सहासष्ट."

"दोन वर्षं उशीर केलात माझ्यापेक्षा," दॉन लिबोरियो म्हणाले. "चालेल. शनिवारी सकाळी सहाला, टाकीपाशी. रबरी बूट आणा. आणि अट एकच. पहिले चौदा शनिवार दांडीला हात लावायचा नाही. नुसतं बसून ऐकायचं."

सभागृहात कुणाला हसावं की नाही ते कळेना. प्रोफे हसल्या, म्हणून मग सगळेच हसले.

पुढच्या शनिवारी सहाला पाच मिनिटं कमी असताना त्या टाकीपाशी पोचल्या. पाटी टाकीच्या भिंतीत बसवलेली होती, रेघेसकट. दॉन लिबोरियोंनी त्यांच्यापुढे एक स्टूल सरकवलं, प्रयोगशाळेतल्यासारखंच तीन पायांचं, आणि नळाला कान लावून आपल्या कामाला लागले. प्रोफेंनी वही उघडली, मग बंद केली. त्या बसल्या आणि ऐकू लागल्या. पहिला तासभर त्यांना कुत्र्याच्या घोरण्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही.